खुडूक

सुभेदारीण आली म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून,
पिशवीतून नव्हे, माझ्या मांडीवर बसून.
मये येईपर्यंत एकदाही ओरडली नाही.
अस्नोड्याला कंडक्टर म्हणाला, हिचं अर्धं तिकीट.
मी काढलं.

विकणारा म्हणाला होता, कोचीन, मोठी जात, स्वभाव गरीब.
मी तीस वर्षं मशीन चालवते, आधी कापड बघते.
कमरेला घेर असा की साडेतीन मीटर पुरू नये
आणि पायांत, थेट बोटांपर्यंत, मोजे.
उलटसुलट करून पाहिले.
कुठेच टाका नाही.

शाणू कुंपणावरून म्हणाला,
"चार किलो तरी असेल. बरी शागुती होईल."
तिने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं
आणि जाऊन त्याच्याच चपलेवर बसली,
पाय आत असताना.
दहा मिनिटं शाणू हलला नाही.
शागुतीचा विषय परत निघाला नाही.

पावसाळा तिच्या पायांना झेपत नाही.
तांबड्या मातीचे लाडू वळले जातात मोज्यांत.
म्हणून रोज संध्याकाळी परातीत कोमट पाणी,
तिचा एक पाय, मग दुसरा,
मग जुन्या परकराने टिपणं.
पिएदाद म्हणते, सासूचेसुद्धा मी इतके धुतले नव्हते गो.
मी म्हणते, सासू अशी गप्प बसली असती
तर धुतले असतेस.

अंडी मोजकीच, लहान, बशीतल्या चहाच्या रंगाची.
आणि श्रावण सरता सरता बाई खुडूक.
कातरणांच्या टोपलीत बसली ती बसलीच.
खाली अंडं नव्हतं एकही.
तीन रिळं, खडूचा तुकडा
आणि पिएदादच्या नातीच्या कम्युनियनच्या फ्रॉकची
पांढरी बाही.
हात घातला तर चोच नाही मारली,
नुसती फुगली,
गळ्यात कुठेतरी रिकाम्या बॉबिनसारखी घरघरली.

शाणूकडे उपाय होते:
थंड पाण्यात बुडव, नाकात पीस ओव,
उलट्या टोपलीखाली उपाशी ठेव.
पहिला केला.
भिजल्यावर ती एवढीशी उरली.
सगळा घेर कापडाचाच होता तर.
पुसली, सुकवली,
आणि टोपली पुन्हा होती तिथे ठेवली.

शेवटी त्यानेच आणली, रुमालात बांधून,
गावठी कोंबडीची सात अंडी.
वीज गेलेली, म्हणून चाचपतच
रिळं काढली, अंडी सरकवली.
बाही तिने दिली नाही.
पिएदादला सांगितलं, कापड कमी पडलं,
आणि पदरचं आणलं.

एकवीस दिवस.
दिवसातून एकदा उठायची,
चार दाणे, दोन घोट, मशीनभोवती एक फेरी, परत जागेवर.
तुरा फिका पडला तिचा.
मी इकडे, ती तिकडे,
बसून काम करणाऱ्या दोन बायका.

पाच फुटली.
चौथ्या रात्री एक तिच्याच वजनाखाली गेलं.
तिला मोजता येत नसावं.
मला येतं.
परसात, केळीच्या बुंध्याशी पुरलं, त्या बाहीत गुंडाळून.

उरलेली चार सडपातळ, उघड्या पायांची,
कुणाच्या बापाला न ऐकणारी.
दिवाळीपर्यंत चौघं नीरफणसावर झोपायला लागली.
दिवेलागणीला भुर्र, भुर्र, भुर्र, भुर्र.
सुभेदारणीला स्वयंपाकघराची पायरी कशीबशी चढता येते.
ती झाडाखाली उभी राहायची,
पंख थोडे उचललेले, खाली जागा केलेली,
आणि तीच घरघर, वर बघत.
काळोख पडला की मी जाऊन उचलून आणायची.
पोटाखाली हात जायचा.
तिथलं ऊन संपलेलं नसायचं.

आज सकाळपासून कात्री सापडत नाही.
टोपलीतून घरघर ऐकू येते आहे.
कुठे आहे ते मला माहीत आहे.
असू दे.
दोरा मी दातांनी तोडते.